गढीवरची पांढरी

सर, तुम्हाला मराठीचा एक शब्दही येत नव्हता, म्हणूनच मराठीत लिहितेय. इंग्रजीत लिहायला बसले की मी अजून तुमची विद्यार्थिनी होते आणि शब्द जपून वापरते. आज जपायचं नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, माझा राग मात्र जागच्या जागी आहे.

मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीतली तुमची खोली. खिडकीबाहेर निलगिरीची झाडं, आणि आत टेबलावर, कागदांवर, पूर्व युरोपातल्या स्लाव लोकांची हजारेक वर्षांपूर्वीची गढी: नदीतल्या बेटावर ओंडक्यांच्या चौकटी रचून, त्यांत माती ठासून उभारलेला तट. तरुणपणी तुम्ही ती खणलीत आणि देश सोडताना बॅगेत कपड्यांच्या जागी पेन्सिलीची रेखाटनं भरलीत. तुमच्या पुस्तकासाठी ती शाईने गिरवायचं काम माझं. वर्गात तुम्ही त्या गढीचा इतिहास सांगायचात आणि शेवट ठरलेला असायचा: शत्रूने आग लावली, तट जळाला, सगळं संपलं. पण तुमच्याच रेखाटनात जळक्या थराच्या वर बोटभर राखाडी थर होता. त्यात चुली होत्या, खापरं होती. आमच्या गावातही गढी आहे. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, राख-शेण मिसळत गेलं, की माती बदलते. तिला आम्ही पांढरी म्हणतो. मी म्हणाले, "सर, हे लोक परत आलेत. जळक्या तटावर चुली मांडल्यात."

तुम्ही चष्मा काढून ठेवलात. "तो थर गिरवू नकोस."

"पण दिसेल ते काढायचं, असं तुम्हीच शिकवलंत."

"तू तिथे होतीस? मी होतो. कोणी परत आलं नाही. फ्रायडे आफ्टरनूनपर्यंत चित्र हवंय मला."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी तो थर सोडून चित्र गिरवलं. पेन्सिलीचा मूळ कागद तुम्ही कचऱ्याच्या टोपलीत टाकलात, तो मी उचलून घरी नेला. तुम्हाला तुमच्या गावी परत जाता आलं नाही, याचं वाईट मलाही वाटायचं. पण म्हणून त्या लोकांनीही परतायचं नाही? कुठल्या कोण बायकांनी राखेत नव्याने पेटवलेल्या चुली तुम्ही विझवल्यात, सर. आणि माझ्या हातून विझवल्यात. त्याचा संताप येतो मला, अजून येतो.

गेल्या महिन्यात तुमच्या देशातून एका मुलीचं पत्र आलं. ती त्याच बेटावर पुन्हा खणते आहे. तिला जळक्या थराच्या वर चुली लागल्यात आणि तुमच्या पुस्तकात त्या का नाहीत, हे तिला कळत नाही. मूळ कागद माझ्याकडे आहेत का, असं तिने अगदी नम्रपणे विचारलंय. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात तो कागद आहे. मी तिला उलट टपाली कळवलं, नाहीत.

तुमचं नाव राखायला खोटं बोलले, असं महिनाभर स्वतःला सांगतेय. पण पुस्तकात त्या चित्राखाली नाव माझं आहे.