टाकीच्या तोंडावरचा पहारा

तीर्थस्वरूप अग्बेकोमामांस,

टेम्याहून सेन्योचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला? (खाडीतल्या मासळीचं विचारत नाही, उगाच तोंडाला पाणी सुटतं.) माझी तब्येत ठणठणीत आहे, डोकं मात्र तापलंय, आणि ते तापवणारी तुमचीच कन्या आहे, म्हणून हे पत्र.

झिफा आमच्या गोदीतल्या वेल्डरांच्या युनियनची प्रतिनिधी झाली, तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या होत्या. त्याचं फळ ऐका. सोमवारी फोरमनने मला जहाजाच्या पोटातल्या टाकीत वेल्डिंगला उतरायला सांगितलं. हवा खेळवणारा पंखा बंद, वर पहाऱ्याला माणूस नाही. मी म्हटलं, "साहेब, आधी तुम्ही उतरा, मी मागून येतो." तो खवळला. झिफाने शिट्टी फुंकली आणि आम्ही सगळे काम टाकून सावलीत भाजकी केळी खात बसलो. संध्याकाळपर्यंत पंखा आला, पहाराही कबूल झाला. लोक मला खांद्यावरच घ्यायचे बाकी होते! (वजनामुळे घेतलं नाही, असं माझा जोडीदार टेटे म्हणतो. जळतो मेला.)

दुसऱ्या दिवशी तुमची कन्या म्हणते, "दादा, पहारा आपण मागितला, आता पाळीपाळीने आपणच करायचा. पहिली पाळी तुझी." म्हणजे ज्याने लढा दिला तोच भोकाशी राखणदार! बरं, बसलो. आत टेटे, वर मी. तेवढ्यात शेजारच्या जहाजावरचे रंगारी विचारायला आले, की हा हक्क तुम्ही मिळवलात तरी कसा. चळवळीतला माणूस अशा वेळी गप्प बसेल का? सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मी जरा पलीकडे जाऊन एका पिंपावर चढलो. भाषण ऐन रंगात आलं आणि इकडे पंख्याची नळी निसटली. टेटे आतून इशाऱ्याची दोरी हलवत होता म्हणे. माझी पाठ होती.

झिफाने पाहिलं. वर ओढला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. (आता घरी आलाय, जेवतोय.) आणि सगळ्यांदेखत ती मला काय म्हणाली? "हेच फोरमनने केलं असतं, तर तू गोदी पेटवली असतीस." युनियनच्या समितीतून मला काढलं, मामा! फोरमनने नव्हे, माझ्याच युनियनने! वर्गणीही मी भरायची आणि बोलणीही मीच खायची? बाप म्हणून तिला जरा सुनावा.

तुमचा,
सेन्यो

ता. क. सुनावू नका.

आणखी एक ता. क. शनिवारी टेटेच्या घरी माफी मागायला जायचंय. बरोबर वडीलधारं माणूस नसेल तर त्याचे वडील मला दारात उभं करणार नाहीत. रिवाजाप्रमाणे माफीची दारूची बाटली मी आणतो, बोलायचं तुम्ही. माझ्याच्याने बोलवणार नाही. काल टेटेला भेटलो, तर तो शिव्या घालायच्या ऐवजी म्हणाला, "आत तुझा आवाज ऐकू येत होता रे, म्हणून मी निर्धास्त होतो."