चार बोटं दोरा

३ मार्च

चि. चिमणीस,

अ. उ. आ. तुझा खोकला गेला का? वहिनीचा गुडघा कसा आहे? दादाचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त झालं, की अजून खुर्चीलाही रक्तदाब असल्याचं सांगतं? आम्ही दोघं ठणठणीत. तुझे आतोबा निवृत्त झाले तरी भिंग काही निवृत्त होत नाही. काल उशीच्या अभ्र्याचे टाके मोजत बसले होते.

तुमचं यान नेपच्यूनपाशी पोचतंय आणि त्याच्या प्रत्येक फोटोत एक तिरपी रेघ येतेय, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. तुमचे साहेब म्हणतात, कॅमेऱ्याच्या काचेला तडा गेलाय, चालू करून तापला तर फुटेल, म्हणून बंदच ठेवायचा. म्हणजे नेपच्यूनच्या ज्या चंद्रासाठी तू बारा वर्षं डोळे लावून बसलीस, त्याच्या दारावरून डोळे मिटून जायचं?

बाळ, तो तडा नसावा. माझा दोरा असावा.

यानाला थंडी बाधू नये म्हणून त्याचं चंदेरी पांघरूण कारखान्यात मी शिवलं, हे मी येईल त्याला ऐकवते. पुढचं मात्र कुणाला सांगितलेलं नाही. शेवटच्या टाक्याला चार बोटं दोरा राखायची माझी जन्माची खोड. उद्या उसवलं तर दुरुस्त करणाऱ्याला टोक सापडावं, एवढंच. तपासनीस होते तुझे आतोबा. बायकोला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी ती शिवण मला तीनदा उसवायला लावली, वर दोरा मुळाशी काप म्हणाले. मी रागाने कापलाच नाही, आत खोचून दिला. नेपच्यूनपाशी कोणता शिंपी दुकान मांडून बसलाय, एवढा विचार कोण करतो! तो टाका अगदी कॅमेऱ्याच्या कडेला होता.

साहेबांना सांगून टाक. माझी अब्रू गेली तर जाऊ दे, तुझा चंद्र जाऊ नये. फक्त ह्यांच्या कानावर घालू नकोस. आपल्या भिंगाखालून आजवर काही निसटलं नाही, या एका गोष्टीवर माणूस ताठ चालतो.

तुझी आत्या

११ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र साहेबांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा उभं राहून. मग म्हणाले, तडा जागचा हलत नाही, दोरा हलतो. यानाला जरा कुशीवर वळवून एकच फोटो काढून बघू. हुकूम पोचायला चार तास, उत्तर यायला चार. आठ तास मी पडद्यासमोरून उठले नाही. आणि रेघ हलली गं! कॅमेरा चालू राहणार, परवा चंद्राजवळून जाणार.

पण एक घोटाळा झालाय. पांघरुणाच्या जुन्या कागदावर तपासनिसाची सही आहे, आणि नियमाप्रमाणे सहीवाल्याला विचारावंच लागतं. मी हात जोडेपर्यंत साहेबांनी फोन लावला होता, आणि आतोबांनी उचललाही होता. माझा अपराध पोटात घाल. फोटो आले की पाठवते.

तोंड लपवायला जागा शोधणारी,
चिमणी

२० मार्च

चि. चिमणीस,

अ. उ. आ. नेपच्यूनला विचारलं तर आठ तासांत उत्तर येतं. इथे स्वयंपाकघरातून विचारलेल्याला बाहेरच्या खोलीतून आठ दिवस उत्तर नाही! मीठ हवं असलं की हे रिकामी बरणी वाजवायचे.

काल तुझं पाकीट आलं. चंद्र काय देखणा आहे गं, सुरकुत्या धरून! आणि त्याच्यासमोर माझा दोरा, ऐटीत आडवा. मी फोटो ह्यांच्यापुढे ठेवला आणि चोरासारखी दाराशी उभी राहिले. ह्यांनी भिंग काढलं. चंद्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यात पांघरुणाची कड दिसते ना, अर्धा तास तिथेच नजर. मग आठ दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, बारा वर्षं झाली, एवढी थंडी, आणि टाका केसभरही सैल नाही.

फोटो उलटा करून त्यांनी मागे लिहिलं, ‘तपासले’. खाली सही, तारीख. जरा थांबले, आणि त्याखाली बारीक अक्षरात: ‘दोरा कापू नये.’

यान आता पुढे कुठे निघालंय ते लगेच कळव. माझी माया आहेच, शिवणीत ठेवतात तशी ती राखून ठेव. आणि उत्तराला नेपच्यूनपेक्षा जास्त वेळ लावू नकोस.

तुझी आत्या