केतकीचा निरोपाचा पुठ्ठा

त्सुकुबा, जपान, १२ जानेवारी २०२५

श्रीमती नयनाताई विहीणबाईंना द्वारकाबाईचा स. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून चौथी पास अक्षरात लिहिते. तुमची सुमेधा जाऊन तीन महिने झाले. घर चालू आहे. विनायक प्रयोगशाळेत जातो, येतो, जेवतो. कचरा मी वेगळा करते, जळणारा मंगळवारी, बाटल्या गुरुवारी. रडत कोणी नाही.

नातीला साताऱ्याला पाठवा म्हणता. मार्चमध्ये शाळेचं वर्ष संपतं, तेव्हा न्या. केतकीला विचारलं, तर म्हणाली, कुठेही चालेल. पंधरा वर्षांची पोर असं म्हणते, तर मी काय अडवणार.

तिची आइस हॉकी तेवढी जोरात आहे. ही गोलकीपर. गादीएवढे पॅड बांधून उभी राहते आणि बाकीच्या रबराची चकती तिच्यावर हाणतात. ऑक्टोबरपासून क्वचितच एखादी आत गेली. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. मी हीटरजवळ बसते.

लोभ ठेवा, राग ठेवलात तरी चालेल.
द्वारकाबाई

सातारा, २६ जानेवारी

द्वारकाबाईंना नयनाचा स. न. वि. वि.

कानाने बहिरी आहे, डोक्याने नाही. माझ्या अनुपने केतकीचं मार्चचं तिकीट काढलं. सुमेधाची खोली रंगवून घेतली, तिथेच झोपेल.

टाळ्यांचं वाचून नवल वाटलं. सुमेधा सांगायची, गोल खाल्ला की केतकी जाळीत बसून रडते आणि मी वरून मराठीत ओरडते, ऊठ, मागे बघू नकोस. सगळे हसायचे म्हणे. आता रडत नाही, म्हणजे शहाणी झाली.

माया आहे तेवढी असू द्या.
नयना

त्सुकुबा, १७ फेब्रुवारी

विहीणबाईंना स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात टीमने केतकीला चौकोनी पांढरा पुठ्ठा दिला. मधे तिचं नाव, भोवती सगळ्यांची गिचमीड. मला वाटलं बक्षीस. शिरा केला, पुठ्ठा सुमेधाच्या फोटोपुढे ठेवून कुंकू लावलं. विनायकने वाचला आणि खालीच बसला. म्हणाला, आई, इथे सोडून जाणाऱ्याला असा देतात. कुंकू पुसायला गेले, तर एका पोरीचं नावच फिसकटलं.

मग त्याने सगळा वाचून दाखवला. कॅप्टन लिहिते, गोल झाला की आम्ही तुझ्याकडे बघतो, तू पाणी पीत असतेस, मग आम्हीही विसरतो. समोरच्या टीमच्या गोलकीपरकडूनही लिहून घेतलंय, मी दुसऱ्या टोकाला उभी राहून तुझ्याकडून शिकते. कोच म्हणतात, ऑक्टोबरपासून केतकी-सान भिंत झाली, कशाने हलत नाही. कौतुकच सगळं. पण मी घरात ज्याला भिते, नेमकं त्याचंच.

कोपऱ्यात राखीव गोलकीपरचं बारीक अक्षर होतं. मॅचआधी तू चौथ्या रांगेत खांबाजवळच्या खुर्चीकडे बघतेस, तिथे कोणी नसतं, तरी मग मीही बघते.

सुमेधा बसायची तिथे. मी इतके दिवस हीटरला शेकत होते.

काल रविवारी शेवटची मॅच. मी त्या खुर्चीवर बसले. केतकीने वर बघितलं आणि बघतच राहिली. पहिली चकती, अगदी सुस्त, तिच्या पायांमधून आत गेली. मग आणखी सहा. मी तुमच्या लेकीसारखी ओरडले, ऊठ, मागे बघू नकोस. कोणी हसलं नाही. ती जाळीत बसली, तोंडावरची जाळी काढली आणि रडली. मॅच थांबली. राखीव पोरगी येऊन तिच्याशेजारी नुसती बसून राहिली.

गाडीत केतकी म्हणाली, मला जायचं नाही. कुठेही चालेल म्हणणारी पोर नाही म्हणाली, मला तेवढं पुरे. अनुपला सांगा, तिचं तिकीट रद्द करायला आणि तुमचं काढायला. रंगवलेली खोली कुठे जात नाही.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. फार गार असते, गोधडी आणा. मला अजून रडू आलेलं नाही. तुम्ही आल्यावर बघू.

लोभ सामानात घालून आणा.
द्वारकाबाई