जांभळाची मुळं

राहुरी, ता. ४ फेब्रुवारी १९७३

चि. भिमाजी यास अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून मुंग्या चालल्यासारखंच आहे. विहीर आणखी खोल खणायची, मुरूम ढासळू नये म्हणून तळाला लाकडी कडं बसवायचं, त्यासाठी बांधावरचं जांभूळ पाडू का, असं विचारलंस. जांभळाचं लाकूड पाण्यात कुजत नाही, हे खरं. आई असती तर नको म्हणाली असती. पण गुरंढोरं पाण्यावाचून हंबरत असताना झाडाचं काय घेऊन बसायचं? खुशाल पाड. फक्त बुंधा हातभर राहू दे, मुळं खणू नकोस. एवढं थोरल्या बहिणीचं ऐक.

तुझ्या रतनबाईस व तुला दत्तगुरू सांभाळोत.

तुझी,
मनकर्णाअक्का


सुपा, ता. १९ फेब्रुवारी

ती. अक्कास भिमाजीचा शि. सा. नमस्कार.

अक्का, माझ्या हातून चूक झाली. मला वाटलं, झाडाला पुन्हा फुटवा येईल म्हणून तू मुळं राखायला सांगतेस. असल्या दुष्काळात कसला फुटवा? चुलीला जळण न्हाई, म्हणून मुळंही खणली. तर मातीत एवढासा चांदीचा वाळा निघाला. कडूबाई आत्या बघायला आली अन् तिनं वाळा ओळखला. तुझी पहिली मुलगी तिथं पुरली, वर आईनं जांभळाचं रोप लावलं, हे तिनं तेव्हा सांगितलं. मी तवा पाच वर्षांचा, मला कोण सांगणार?

दर साल त्याच झाडाची पाटीभर जांभळं तुला पाठवत आलो. एकदा तरी नको म्हणायचं हुतंस.

वाळा देवापाशी ठेवलाय. काय करू?

तुझा अपराधी,
भिमाजी


राहुरी, ता. २५ फेब्रुवारी

चि. भिमाजी यास अ. उ. आशीर्वाद.

अपराधी वगैरे लिहू नकोस. मुळं का खणायची नाहीत, ते मीच लिहायला हवं होतं, पण हात वळला नाही. ती नऊ दिवसांची होती. बारसं बाराव्या दिवशी, म्हणून नाव राहून गेलं. तुझी पाटी आली की देवापुढे ठेवायची, मग आळीत वाटायची आणि तुला कळवायचं, यंदा फार गोड होती. खोटंच ते. पण तू इतक्या हौशीनं निवडून पाठवायचास, नको कसं म्हणू?

वाळा होता तिथंच ठेव. माती सारखी कर, वर दगड मांड. विहिरीला पाणी लागलं की कळव, मी येईन. जांभूळ कधी तोंडात घातलं नाही. त्याच्या कड्यातलं पाणी मात्र ओंजळभर पिईन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का