वेलकम बॅक, केतकी

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥

मोहने, ८ जानेवारी १९९९

प्रिय शालूस,
मामाच्या घरून मालूचा सप्रेम नमस्कार. आम्ही सारे बरे. तुम्हीही असालच, साखरपुडा झालेल्या माणसांना काय धाड भरलीय!

अगं, त्या दिवशी तुझा चेहरा बघून माझी आई म्हणाली, पोरीला आत्तापासूनच सासर दिसायला लागलं. परशुराम बरा आहे, फक्त हसताना हिरड्या दिसतात. मला विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं, घाबरू नकोस. लग्नात ताटातल्या तांदळात तुझं कुठलं नवं नाव लिहायचं, ते त्याने तुझ्या कानात सांगून टाकलंय असं कळलं. मला सांगितलं नाहीस तर बघ.

आता खरं काम. माझ्या पाठीवर, ब्लाउजच्या काठाखाली पांढरा डाग आलाय, रुपयाएवढा. आईने बघितला, तेव्हापासून ती धड बोलत नाही, नुसतं कसलंसं तेल चोळते. बाबा स्थळं बघताहेत. कोड म्हणून बोभाटा झाला तर मला कोण करणार? इथल्या डॉक्टरकडे गेले तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या मोहन्यात बातमी. तू उत्तमदादाच्या सायबर कॅफेत काउंटरला बसतेस, तिथे इंटरनेटवर डॉक्टर फुकट उत्तरं देतात म्हणे. माझ्यासाठी विचार ना. नवऱ्याला कळेल का, हेही विचार. पण माझं नाव कुठे, कुणाकडे, कधीच घ्यायचं नाही. तुला एकवीरेची शपथ आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मालू

डोंबिवली, १७ जानेवारी १९९९

प्रिय मालूस,
आतेबहिणीचा नमस्कार, आणि हिरड्यांवरून बोललीस म्हणून एक चापट.

विचारलं गं बाई. दादा जेवायला गेलेला, तेव्हा कोपऱ्यातल्या मशीनवर बसले. वेबसाइटने आधी नाव मागितलं. तुझं घालायचं नाही, माझं घालायला भीती वाटली. म्हणून घातलं केतकी. तेच गं ते नाव! तलावपाळीला भेळ खाताना त्याने सांगितलेलं. त्याला, मला आणि आता तुला, बाकी कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर बघायला पान उघडलं तर वर इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं, वेलकम बॅक, केतकी. मालू, सासरच्या नावाने मला पहिली हाक कॉम्प्युटरने मारली. मी वेड्यासारखी एकटीच हसत बसलेले.

डॉक्टर म्हणतात, कोड असलं तरी ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही, पसरेलच असं नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. चामडीच्या डॉक्टरला दाखव, औषध असतं. नवऱ्याला आपणच आधी सांगावं, असंही लिहिलंय.

आता माझ्या सासरची गंमत ऐक. मी परशुरामला पत्र टाकलेलं. त्यांच्याकडे टपाल कुणाच्याही नावाचं येवो, सासरे, म्हणजे गोमाजी मास्तर, चहा झाला की ओटीवर बसून सगळ्यांसमोर खड्या आवाजात वाचतात. पार शाळेसारखं. माझं 'तुमची आठवण येते' शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेलं. कानाला खडा, त्या पत्त्यावर पुन्हा पत्र टाकणार नाही.

मामा-मामींना वाकून नमस्कार. आहे तेवढं प्रेम जपून ठेव.
तुझी शालू

डोंबिवली, २ फेब्रुवारी १९९९

मालू,
नमस्काराला हात उचलत नाही, तरी नमस्कार.

रविवारी परशुराम कॅफेत आलेला. दादाने होणारा जावई म्हणून कौतुकाने त्याला कोपऱ्यातल्या त्याच मशीनवर बसवलं. मी चहा ओतत होते. त्याने कसलासा पत्ता टाईप करायला घेतला, तर खाली आधी कुणी काय काय उघडलं त्याची यादीच आली. त्याने सहज एकावर दाबलं. वेलकम बॅक, केतकी. आणि त्याखाली तुझा प्रश्न. पाठीवर पांढरा डाग आहे, नवऱ्याला कळेल का?

तो कपाकडे बघेना, माझ्याकडे बघत राहिला. केतकी जगात त्याला एकच माहीत आहे. चहा न पिता उठून गेला.

दादाने नंतर समजावलं. ती वेबसाइट आपल्या मशीनमध्ये एक बारीकशी खूणचिठ्ठी ठेवून जाते आणि परत आलं की तिच्यावरून ओळखते. तिला कुकी म्हणतात. आईने विचारलं, कुकी म्हणजे बिस्कीटच ना? तेव्हापासून आमच्याकडे चहाबरोबर कुणी बिस्कीट मागत नाही.

येत्या तेरा तारखेला त्यांच्या बायका मला बघायला येणार आहेत. बघायला म्हणजे कशा, ते तुला सांगायला नको. मी एक वाक्य बोलले की सगळं मिटेल, प्रश्न मालूचा होता. पण तू एकवीरेची शपथ घातलीस. मालू, मला त्यातून सोडव. उलट टपाली लिही.
तुझी शालू

मोहने, ६ फेब्रुवारी १९९९

माझ्या लाडक्या शालूस,
नेहमीपेक्षा दुप्पट मायेने नमस्कार.

वेडी आहेस का, घाबरतेस कशाला? तुझ्या अंगावर डाग आहे कुठे? बघू दे की त्यांना. तुझी घटकाभराची लाज, माझं नाव निघालं तर माझी जन्माची. बाबांना गेल्या वर्षी झटका येऊन गेलाय, तुला माहीत आहे. त्यांना काही झालं तर ते तुझ्यामुळे, असं मी कधी म्हणणार नाही. लोक म्हणतील.

आणि राग मानू नकोस, पण हौस तुझीच. नवऱ्याने ठेवलेलं नाव टाकायला मी सांगितलेलं का? नाही नवरा, अन् आधीच नाव मिरवायचं!

शपथ मागे घेत नाही. देवीची आहे, माझी नाही.

तुझ्यावर जीव आहे म्हणून एवढं लिहिलं.
तुझीच मालू

डोंबिवली, १५ फेब्रुवारी १९९९

मालू,
आल्या त्या. त्याची आई, मावश्या, काकू. आतल्या खोलीत खिडकी लावली आणि मला ट्यूबलाइटखाली उभं केलं. वळ म्हणाल्या, वळले. हात वर कर म्हणाल्या, केले. माझी आई भिंतीकडे तोंड करून बसलेली.

काही सापडलं नाही. मला वाटलं, सुटले. मग त्याच्या आईने विचारलं, तर मग प्रश्न कुणाचा? मी गप्प. परत विचारलं, तरी गप्प. तेव्हा त्या म्हणाल्या, पोरगी दडवतेय म्हणजे रक्तातच असणार, आज नाही तर उद्या निघेल. काल आपली साडी, अंगठी परत आली. पेढ्यांचा डबासुद्धा धुऊन पाठवलाय.

मी शपथ पाळली. आता तू एवढं कर. दुसऱ्या कुणाला नको, फक्त परशुरामला एकट्याला गाठ आणि खरं सांग. तो वाईट नाही गं. मला तो हवाय. हे लिहायला लाज वाटत नाही, तेवढी आता शिल्लकच नाही.

तुझ्या मायेचा एवढाच हिशोब मागतेय.
शालू

मोहने, २८ एप्रिल १९९९

प्रिय शालूस,
नमस्कार. इतके दिवस पत्र नाही म्हणून रुसली असशील. हात रिकामा नव्हता.

तू सांगितलंस म्हणूनच मी परशुरामला भेटायला गेले. सांगायला तोंड उघडलेलं, पण तो इतका रडवेला झालेला की मीच त्याला धीर देत बसले. मग आणखी एकदा भेटलो. पुढचं तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. सोळा मेला आमचं लग्न आहे.

चिडू नकोस, नीट विचार कर. हॉल, बँड, लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण, सगळं त्यांनी ठरवून ठेवलेलं. पत्रिका तेवढी नवी छापली. मास्तरांनी मला विचारलं, तर मी इतकंच म्हणाले की शालूच्या वडिलांकडे कुणाला असेल बाई, आमच्या घरच्या रक्तात नाही. खरं बोलणारी मुलगी आहे म्हणून त्यांनी बायकांना बघायलाही पाठवलं नाही. ब्लाउज डाग झाकेल एवढा लांब शिवलाय. त्यांना काय ते मी सवडीने सांगेन.

आणि हो, नाव केतकीच ठेवणार आहेत. मास्तरांनी भटजींकडून अक्षर काढून आणलेलं, चांगलं नाव वाया कशाला घालवायचं? हळदीला ये, नाहीतर लोक बोलतील. शपथ अजून आहे हं, विसरू नकोस.

आपलं बहिणीचं नातं आहे तसंच राहो.
मालू

पोस्टकार्ड
डोंबिवली, २४ मे १९९९

चि. सौ. केतकीस,
बहीण शालूचा सप्रेम नमस्कार. नव्या नावाने तुला पहिलं पत्र लिहायचा मान माझा.

हळदीला आले नाही, राग मानू नकोस. तू एकवीरेच्या शपथेची आठवण दिलीस. ती मी मोडलेली नाही, मोडणारही नाही. तुझी गोष्ट मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नाही. म्हणून तर जे लिहायचं ते फक्त तुलाच लिहितेय.

पाठीवरचा पांढरा डाग कसा आहे? जानेवारीत ब्लाउजच्या काठाखाली रुपयाएवढा होता. मामीचं तेल सोड. तू माझ्याकडून इंटरनेटवर विचारून घेतलंस तेव्हा डॉक्टरांनी कळवलेलं पुन्हा लिहिते. तो कुणाला लागत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही, नवऱ्याला मात्र आपणच आधी सांगावं. तेव्हा मी केतकी नाव टाकलं म्हणून सगळे मलाच बोलले. आता बघ, प्रश्नही तुझा आणि नावही तुझंच. कॉम्प्युटरचं काही चुकलं नव्हतं.

दादाने त्या मशीनमधल्या कुकी पुसून टाकल्या. ती वेबसाइट आता कुणालाच ओळखत नाही. मी तुला ओळखते.

परशुरामरावांना, सासूबाईंना आणि ओटीवर बसलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग. मास्तरांना वेगळा. एवढं मोठ्याने वाचून त्यांचा घसा कोरडा पडला असेल, आधी त्यांना पाणी दे.

तुझी शालू