भूकंपाआधीची रेघ

३ तारीख, सकाळी ८
आजपासून शिस्त. पाचला उठायचं होतं, पण पहिल्याच दिवशी शरीराला धक्का नको. गच्चीवर अँटेना उभी केली. जुन्या खाटेची चौकट, तिच्यावर तांब्याच्या तारेचे एकशेवीस वेढे. पाणबुड्यांसाठी सोडतात त्या अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरी ती पकडते आणि गच्चीवरच्या खोलीतला कॉम्प्युटर रेघ काढतो. भूकंपाआधी म्हणे या लहरींत गडबड होते. शास्त्रज्ञांचं एकमत नाही. नसू दे. कॉलेजच्या लॅबमध्ये तीस वर्षं प्रोफेसरांच्या हातात पक्कड देत आलो. आता दाखवतोच एकेकाला.

५ तारीख
रेघ उसळली! अकरा ते एक. मध्ये पावणेबाराला दहा मिनिटं गप्प. नेमकी तेव्हाच ही चहा घेऊन वर आली. तिला म्हटलं, बघ, जमीन दम घेतेय. म्हणाली, चहा घ्या आधी, निवतोय.

११ तारीख
रोज अकरा ते एक. फक्त रविवारी सपाट. जमिनीला रविवार कसा कळतो, यावर विचार चालू.
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, घरातलंच काहीतरी असेल. नवरा इंजिनिअर मिळाल्यापासून फार बोलायला लागलीय. तरी फ्रिज, टीव्ही, पंखे बंद करून पाहिले. रेघ तशीच. दूध मात्र नासलं. हिचं शिलाई मशीन तपासायचा प्रश्नच येत नाही. त्याची मोटर मी स्वतः बसवलीय.

१५ तारीख
बापरे! आज सकाळी नऊपासून सहापर्यंत रेघ वर. हिला सांगायला खाली गेलो, तर ही शाळेच्या चाळीस गणवेशांत बुडालेली. मान वर करायला फुरसत नाही. परवा द्यायचेत म्हणे. मी म्हटलं, परवा शाळा उभी असेल तर ना! सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं. उद्या दहाला सगळे मैदानात.

१६ तारीख, दुपारी ४
अख्खी बिल्डिंग मैदानात. हिला हाताला धरून आणलं, हातात अर्धी शिवलेली बाही. दोनपर्यंत पानही हललं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना ऊन लागलं. सेक्रेटरी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.
वर येऊन पाहिलं. दहा ते दोन रेघ सपाट. म्हणजे संकट ऐनवेळी टळलं. श्रेय घ्यायचा माझा स्वभाव नाही.

१८ तारीख
गणवेश वेळेत गेले नाहीत. शाळेने पुढचं सगळं काम दुसरीकडे दिलं. ही बॅग भरून बहिणीकडे निघाली. दारात म्हणाली, त्या तारेचं एवढं ऐकता, माझं कधी ऐकलंत का? कधी येणार विचारलं, तर म्हणाली, तुमच्या रेघेला विचारा.
दोन दिवसांत येईल. मी ओळखतो तिला.

२२ तारीख
चार दिवस रेघ सपाट. कामाच्या दिवशीसुद्धा. अतिशय गंभीर.
ही आली नाही.

२३ तारीख, दुपारी २
गच्चीवर तार ताणताना गरगरलं. बीपी असणार, जेवणाचे हालच आहेत. लिंबूपाणी घेऊन पडलो. वरून दिसलं, सगळी बिल्डिंग मैदानात. कसली तरी मीटिंग असेल. मला कोण सांगतंय!
अर्ध्या तासाने हिचा फोन. पाच दिवसांत पहिला. अहो, भूकंप झाला, इथेही जाणवला, तुम्ही ठीक आहात ना? मी म्हटलं, हो, मला माहीत होतं. तिने फोन ठेवला. असं का बोललो मी?
रेघ सपाट.

२४ तारीख, सकाळी ११
हिच्या शिलाई मशीनवर धूळ बसली होती. पुसली. सहज पॅडल दाबलं, दोन मिनिटं रिकामंच चालवलं. वर जाऊन पाहिलं. रेघ उसळलेली. दोनच मिनिटं.
मोटर मीच बसवलीय.

११.४५
तिला सगळं सांगायचं ठरवलं. फोन मेहुणीने उचलला. म्हणाली, भावजी, ताई कामात आहे, इथल्या शाळेचे साठ गणवेश मिळालेत. माझ्या जुन्या पायमशीनवर शिवतेय, मोटरच्या कटकटीपेक्षा हेच बरं म्हणते. बोलवू का तिला?
म्हटलं, नको. चालू दे तिचं.
चहा केला. निवला.

दुपारी १
अकरा ते एक, सपाट.