गिरीधरच्या हातचं ड्रिल

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल ड्रिल मशीन फिरलं — आणि त्याच्याबरोबर गिरीधरचं मनगट! सिरुसेरीच्या साइटवर भोक पाडताना बिट काँक्रीटमधल्या सळईत अडकलं. बिट थांबलं, मशीन थांबेना. सुंदरीनं धावत जाऊन प्लग ओढला म्हणून हात वाचला. कितीतरी वर्षं ती याच्या टोळीत आहे. सकाळी दारातच उभी राहून मला म्हणाली, "अक्का, ते मशीन आधी भंगारात द्या. नाहीतर मी देते."

मनगट सुजून वांग्यासारखं झालंय. नवरा म्हणतो, "ओन्नुमिल्ले!" काही नाही म्हणे. लग्न झाल्यापासून या माणसाला कधी काही झालेलंच नाही!

२४ सप्टेंबर

नवं घ्यायचं, एवढं ठरलं. कुठलं, यावर घर पेटलंय.

तीन तारखेपासून गुम्मिडिपूंडीच्या कारखान्याचं काम — जाड काँक्रीटच्या जमिनीत बोल्ट बसवायचे. त्याला सगळ्यात मोठं हवंय, दहा किलोचं. "जमिनीत वजनच काम करतं गं. लहान घेऊन गेलो तर तिथला इंजिनिअर विचारेल, काय अण्णा, फोटो टांगायला आलात?" मला क्लचवालं हवंय. बिट अडकलं की आपोआप सुटणारं, कमी थरथरणारं.

सासूबाईंचं तिसरंच. या घरात खंडेनवमीला जे हत्यार पाटावर बसत नाही, ते पुढे कामावर जात नाही. "भांडा तुम्ही दोघं. मी नुसता नारळ मांडते पाटावर!"

२५ सप्टेंबर

कॉफीचा टंबलर हातातून पडला. "गरम होता." नव्हता. मीच दिला होता.

२६ सप्टेंबर

दुकानात गेलो. दुकानदार मधुसूदन गिरीधरच्या ओळखीचा; मला अण्णी, म्हणजे वहिनी म्हणतो. त्यानं फुटपाथवर सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा काढला. "अण्णी, तुम्हाला विश्वास नाही ना? मग अडकवूनच दाखवतो."

क्लचवालं मोठं मशीन गिरीधरनं धरलं. धूळ, आवाज, मग बिट अडकलं — आणि नुसतं कट-कट-कट! मशीन जागचं हललं नाही. मनगट शाबूत. मला इतकं बरं वाटलं की मी हसले.

पण कट-कट थांबेना. गिरीधरनं बटण सोडलंच नव्हतं. मधुसूदन ओरडला, "अण्णा, बोट काढा! बोट!" तेव्हा त्यानं मान खाली घातली, स्वतःच्या बोटाकडे बघितलं. बघून मग ते उचललं.

रिक्षात म्हणाला, "आवाजात ऐकू आलं नाही."

काहीच न घेता परत आलो.

२७ सप्टेंबर

तीन महिने हा टी-शर्टच घालतोय. मला वाटायचं, उकाडा. आज शर्ट दिला. दोन बटणांनंतर खुंटीला परत!

मी त्याच्यासमोर बसले. "डोळे मीट. मी कुठल्या बोटाला हात लावतेय ते सांग."

"हा काय पोरखेळ?"

"मीट ना."

मिटले नाहीत. तिथेच कळलं मला.

मग भांडण. "हात माझा, काम माझं. बोटं थोडी बधिर होतात, इतकी वर्षं थरथर खाल्ली की सगळ्यांचीच होतात. हे काम होऊ दे, मग डॉक्टर." मी म्हटलं, "मशीन अडकलं तर क्लच सुटेल. तुझं बोट सुटायला नको?" तो उठून गेला. चप्पल न घालता.

२८ सप्टेंबर

बोलणं बंद. सासूबाई दोघांना वेगवेगळं वाढतात आणि दोघांनाही मीठ कमी घालतात.

२९ सप्टेंबर

अर्धवट राहिलेली कथा लिहायला बसले. एक ओळ झाली नाही. सारखं दिसतं — कारखान्याची जमीन, हातात धडधडणारं मशीन, आणि ते धरलंय की सुटलंय हे त्याला बघितल्याशिवाय कळत नाही. धुळीत काय दिसणार आहे त्याला?

जाऊ नको म्हणायचा मला हक्क आहे का? तो मला कधी म्हणाला का, लिहू नको?

३० सप्टेंबर

एकटाच जाऊन घेऊन आला. मोठं नाही! मधलं — क्लचवालं, दहा किलोच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं. मूठ तर एवढी बारीक की त्याच्या पंजात हरवेल. सासूबाई म्हणाल्या, "याला तरी अक्कल आली."

मी विचारलं, "आणि इंजिनिअर हसला तर?"

"हसू दे."

माझं ऐकलं म्हणून आनंद व्हायला हवा. होत नाही. शुक्रवारी तो जाणारच. ती बोटं घेऊनच जाणार.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पाटावर मशीन. सासूबाईंनी गंधाची वाटी गिरीधरपुढे केली. त्यानं ती पूजेला आलेल्या सुंदरीच्या हातात दिली. "आता हे चालवणार तू. तूच लाव."

मग मशीनशेजारी पाटावर स्वतःचा उजवा हात ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि याला तू."